मनीच्या ताटाचा इतिहास

मराठी घरात मांजराच्या जन्माची नोंद असते, मृत्यूची नसते. माळ्यावर व्याली, पिल्ले सात घरी फिरवली, एक डोळे उघडण्याआधीच गेले, दोन दूधवाल्याने नेली आणि उरले ते आपले, हा सगळा तपशील घरातल्या लहानथोरांना पाठ असतो. ती पुढे किती वर्षे जगली असे विचारले, तर उत्तर येते, "एक दिवस गेली, ती आलीच नाही."

माझे बालपण मनमाडच्या रेल्वे वसाहतीत गेले आणि पुढे इथेच शाळेत इतिहास शिकवण्यात हयात गेली. आमच्या घरात ज्या मांजरी झाल्या त्या सगळ्यांचे नाव मनीच. एक गेली, दुसरी आली, नाव तेच राहिले. त्यामुळे मनी घरात कायमचीच आहे असे वाटे आणि तिच्या वयाचा हिशेब करण्याची वेळ कधी येत नसे. आता शेजारीपाजारी, नात्यात, जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी मांजरी दाराआड राहतात, त्यांना डॉक्टरकडे नेतात, त्यांचा वाढदिवसही होतो. मला हमखास एक प्रश्न विचारला जातो : सर, आपल्या लहानपणी मांजरी दूध-भातावर छान जगायच्या, मग आता हे महागडे खाणे कशाला?

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर पशुवैद्यकाइतकेच इतिहासातही आहे. आपल्या मांजरी दूध-भातावर खरोखर जगत होत्या का, हे आधी तपासावे लागते.

धान्याची पाहुणी

मांजर माणसाकडे आली ती धान्यामागून. गाय, शेळी, कुत्रा यांना माणसाने जवळ केले. मांजर स्वतःहून आली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कणगी भरल्या, कणगीपाशी उंदीर आले आणि उंदरांपाशी आफ्रिका-पश्चिम आशियातली रानमांजर आली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली. त्या बेटावर मूळची मांजर नव्हती, म्हणजे ती कोणीतरी होडीतून नेलेली होती.

माझ्या विषयाला याहून जवळचा पुरावा चीनमधला आहे. शान्शी प्रांतात क्वानहुकुन नावाच्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत मांजरांची हाडे मिळाली. २०१३ मध्ये त्यांचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांच्या आहारात उंदरांसारखे धान्यावर जगणारे प्राणी होते, हे अपेक्षितच होते. पण एका मांजराच्या हाडांत मांसाचा अंश कमी आणि राळ्याच्या जातीच्या धान्याचा अंश अपेक्षेपेक्षा जास्त निघाला. दुसऱ्या एकाचे दात झिजलेले होते. ते म्हातारे होऊन वस्तीतच मेले होते. कोणीतरी त्यांना खायला घालत असावे, सांभाळत असावे, असा तर्क अभ्यासकांनी केला. पुढे २०१६ मध्ये हाडांची मापे घेतल्यावर ती आजच्या पाळीव मांजराच्या पूर्वजाची नसून आशियातल्या बिबट मांजराची असल्याचे ठरले. त्यामुळे पाळीव मांजराच्या वंशावळीतले त्यांचे स्थान गेले. तरी माणसाच्या वस्तीत राहून, माणसाचे अन्न खाऊन एक मांजर म्हातारे झाले होते, ही गोष्ट उरतेच.

मनमाडच्या मांजरांची कुळकथा याच जातीची आहे. आमचे गाव म्हणजे लोहमार्गांचा सांधा. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मार्ग आधीचा. १८७८ मध्ये दौंडचा फाटा येऊन मिळाला आणि शतक उलटण्याच्या सुमारास निजामाच्या मुलखातून सिकंदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज सुरू झाली. दोन रुंदींचे रूळ इथे भेटत असल्यामुळे एका गाडीतला माल हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत चढे. पोत्याला आकडा लागला की धान्य सांडणारच आणि धान्य सांडले की उंदीर येणारच. पुढे भारतीय अन्न महामंडळाचे इथले गोदाम आशियातल्या मोठ्या गोदामांत गणले जाऊ लागले. ज्या गावात रोज पोतीच्या पोती फिरतात, तिथे मांजराला बोलावणे पाठवावे लागत नाही. रेल्वेच्या चाळींत, मालधक्क्याच्या आडोशाला, किराणा दुकानांच्या मागे मांजरींच्या पिढ्या वाढल्या, त्या या सांडलवंडीच्या जिवावर.

एक शिलिंग आणि अर्धे पोट

मांजराला माणसाने किती खायला द्यावे, याविषयीचा एक सरकारी कागद जगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८६८ मध्ये लंडनच्या मनीऑर्डर कचेरीत उंदीर कागद कुरतडू लागले. तिथल्या अधिकाऱ्याने तीन मांजरांच्या खर्चासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले. वरिष्ठांनी एकच शिलिंग मंजूर केला. बाकीचे पोट मांजरांनी उंदरांवर भरावे, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत तर भत्त्यातही कपात होईल, असा शेरा मारला.

हा शेरा वाचून मला हसू आले, कारण आमच्या आजीचा कारभार नेमका याच तत्त्वावर चाले. घर शाकाहारी. सकाळी वाटीभर दूध, दुपारी दूध-भात किंवा दुधात कुस्करलेली पोळी. त्याहून जास्त घातले तर "ती ऐदी होईल, उंदीर कोण धरील?" असे ती म्हणे. मनी कधी तोंडात उंदीर धरून ओसरीवर आली, तर आजी तोंड फिरवून म्हणे, "तिचं तिला." या दोन शब्दांत एक करार होता. आमचे ताट आमचे, तिचे ताट तिचे. आम्ही घालतो ते वरकड, खरे जेवण ती बाहेरून मिळवते आणि त्याबद्दल आम्ही काही बोलायचे नाही.

आपल्या परंपरेलाही मांजराचे खरे जेवण कोणते, हे पक्के माहीत होते. महाभारताच्या उद्योगपर्वात तप करणाऱ्या मांजराची कथा आहे. हात वर करून तो गंगाकाठी उभा राहतो, उंदीर विश्वासाने जवळ येतात आणि एकेक करून नाहीसे होतात. महाबलिपुरमच्या प्रचंड शिल्पपटात एका पायावर उभे असलेले मांजर आजही दिसते आणि त्याच्या पायाशी उंदीर आहेत. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला 'बैडालव्रतिक', म्हणजे मांजराचे व्रत पाळणारा, असा शब्दच आहे. हितोपदेशातले मांजरही असेच धार्मिक बोलून आंधळ्या गिधाडाच्या आश्रयाला राहते आणि पाखरांची पिल्ले खाते. मांस सोडलेले मांजर म्हणजे ढोंग, ही समजूत इतकी जुनी आहे. त्याच परंपरेने मांजर मारण्याला प्रायश्चित्त सांगितले आणि लोकांनी त्यात काशीला सोन्याची मांजर वाहण्याची भर घातली. मांजर मारायची नाही, हे आपल्या लोकांनी मनापासून पाळले. तिला जगवायचे कसे, हा प्रश्न मात्र तिच्यावरच सोपवलेला होता.

प्लेग आणि मांजरांची शिरगणती

एकदाच असे झाले की महाराष्ट्रात मांजर हा सरकारदरबारी चर्चेचा विषय झाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या परिसरात, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. वखारींत उंदीर मरून पडत होते. पुढच्या काही महिन्यांत ही साथ रेल्वेच्या आणि बंदरांच्या वाटेने देशावर पसरली. नाशिक जिल्हाही सुटला नाही. उंदीर, उंदरावरची पिसू आणि माणूस हा संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडला, पण त्यावर लगेच कोणाचा विश्वास बसला नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने केलेल्या प्रयोगांनी तो सिद्ध झाला. तोवर लाखो माणसे गेली होती.

उंदीर हे मूळ आहे म्हटल्यावर सापळे आले, विषारी आमिषे आली. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल ब्यूकॅनन यांनी मात्र वेगळा विचार केला. वऱ्हाडातल्या काही गावांत प्लेग येतो आणि शेजारच्या काही गावांत येत नाही, याचे कारण शोधताना त्यांनी गावोगावची घरे आणि मांजरे मोजवली. जिथे मांजरे भरपूर तिथे प्लेग कमी, असा निष्कर्ष काढून त्यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांजर हे प्लेगचे निवारक असल्याचे मांडले. विषाऐवजी मांजरे पाळा, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख जपानच्या भेटीवर गेले होते, त्यांनीही तिथे प्लेगविरुद्ध मांजरे पाळण्याची शिफारस केली.

ब्यूकॅनन यांच्या निष्कर्षाला मर्यादा होत्या. ज्या गावात मांजरे जास्त, ते गाव इतरही बाबतींत वेगळे असू शकते. शिवाय मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला लागू शकतो, हे आता पुरेपूर सिद्ध झाले आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात असे रुग्ण नोंदले गेले आहेत. म्हणजे माणसाच्या रक्षणासाठी जिची शिफारस झाली, ती स्वतःच त्या रोगाला फार लवकर बळी पडणारी होती.

मला या शिरगणतीतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कोणीतरी गावोगाव मांजरे मोजली, ती अशी. पण मोजणीचा हेतू उंदीर हा होता. ती मांजर काय खाते, किती जगते, कशाने मरते, हा रकाना त्या तक्त्यात असण्याचे कारणच नव्हते. आजही फार फरक नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गायी-म्हशींपासून कुत्री, ससे आणि हत्तींपर्यंत मोजदाद झाली. मांजराला त्यात रकाना नाही.

दूध-भाताची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दूध-भातावर मांजर जगते का?

मांजर हे सक्तीचे मांसाहारी आहे. कुत्र्याचे पोट माणसाबरोबर राहून काही प्रमाणात बदलले आणि त्याला धान्य पचवायची सवय झाली. मांजराचे यकृत मात्र आजही रानातल्यासारखेच चालते. अन्नात प्रथिने कमी आली तरी ते प्रथिने जाळण्याचा वेग फारसा कमी करू शकत नाही, त्यामुळे उणीव लवकर भासते. रानोमाळ फिरणाऱ्या मांजरांच्या आहाराचा आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अन्नातली सुमारे ५२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून, ४६ टक्के चरबीतून आणि फक्त २ टक्के पिठूळ पदार्थांतून येते. दूध-भाताच्या वाटीत हा हिशेब जवळजवळ उलटा असतो. गोडाची चव कळण्यासाठी लागणारे एक जनुक मांजरात निकामी झालेले आहे, हे २००५ मध्ये कळले. बासुंदीवर झडप घालणारा बोका साखरेसाठी येत नाही, सायीसाठी येतो.

दुधाचेही तसेच आहे. पिल्लू आईचे दूध पचवते, पण मोठेपणी दुधातली साखर पचवणारा पाचकरस बहुतेक मांजरांत कमी होतो. दुधाने जुलाब होणारी मांजरे आपण पाहिलेली असतात, पण "दूध नासलेले असेल" असे म्हणून सोडून देतो.

याहून मोठी गोष्ट टॉरिनची. हे अमिनो आम्लाच्या जातीचे द्रव्य आपले शरीर तयार करते. मांजराचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही, त्याला ते मांसातूनच मिळवावे लागते. १९७५ मध्ये हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात दाखवून दिले की टॉरिनच्या अभावी मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो आणि दृष्टी जाते. प्रयोगातल्या मांजरांना दिलेल्या अन्नातले प्रथिन कोणते होते? केसीन, म्हणजे दुधातलेच मुख्य प्रथिन. गायीच्या दुधात टॉरिन अत्यल्प असते, तांदळात नसतेच. शाकाहारी घरातली दुधाची वाटी आणि ती प्रयोगशाळा यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही.

मग १९८७ आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक पॉल पायन यांना हृदय फुगून निकामी झालेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन फार कमी आढळले. ते पूरक दिल्यावर त्या हृदयांची शक्ती परत आली. यातली बरीच मांजरे बाजारातले तयार खाद्य खाणारी होती. तोवर पुरेसे मानलेले टॉरिनचे प्रमाण प्रत्यक्षात अपुरे होते. त्यानंतर उत्पादकांनी ते वाढवले आणि मांजरांतला हा हृदयविकार दुर्मीळ झाला. डबा आणला की काळजी मिटली असे समजणाऱ्यांनी आणि डब्याला नुसती नावे ठेवणाऱ्यांनी, दोघांनीही हे प्रकरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. कुत्र्याचे खाद्य मांजराला घालणाऱ्यांनी तर विशेषच, कारण कुत्र्याला टॉरिन बाहेरून तितके लागत नाही आणि त्याच्या खाद्यात ते मांजराच्या मापाने घातलेले नसते.

टॉरिनखेरीज आणखीही आहे. गाजरातल्या द्रव्यापासून आपण 'अ' जीवनसत्त्व बनवतो, मांजर बनवू शकत नाही. आर्जिनिन हे अमिनो आम्ल एका जेवणात अजिबात नसले, तर काही तासांतच मांजराच्या रक्तात अमोनिया साचून ते गंभीर आजारी पडू शकते.

तर मग आमच्या मन्या कशा जगल्या? त्या उंदरावर जगल्या. एका उंदरात प्रथिने, चरबी, टॉरिन, 'अ' जीवनसत्त्व, हाडांतला कॅल्शियम आणि सुमारे दोन तृतीयांश पाणी असते. लंडनचा एक शिलिंग आणि आमच्या आजीची वाटी या दोन्हींचा अर्थ एकच होता : उंदीर हे जेवण, बाकी तोंडीलावणे. याला एक नवा पुरावाही मिळाला आहे. २०२१ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासात, धान्यविरहित आणि भरपूर मांस असलेले खाद्य दिलेल्या पाळीव मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. बाहेरची शिकार काही अंशी ताटातली उणीव भरून काढत होती, असे यातून दिसते.

आमच्या आठवणीत दूध-भात राहिला, कारण तो आम्ही वाढत होतो. उंदीर ती आमच्या नजरेआड खात होती.

दार बंद झाले तेव्हा

१९४७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लो यांनी शेजारणीला राखेऐवजी शोषक मातीचे दाणे दिले आणि त्यातून मांजराच्या शौचासाठी घरात ठेवायच्या मातीचा धंदा उभा राहिला. मांजर चोवीस तास दाराआड राहू शकेल, हे त्याने शक्य झाले. आपल्याकडे हे बऱ्याच उशिरा, फ्लॅट आणि जाळीच्या खिडक्यांबरोबर आले. दार बंद झाले तेव्हा मोटार, कुत्री, विषारी उंदीर, बोक्यांच्या मारामाऱ्या हे धोके टळले. त्याचबरोबर उंदीरही गेला. दूध-भात मात्र तसाच राहिला. माझ्या मते सगळी गडबड इथे आहे. तोंडीलावणे उरले आणि जेवण गेले.

आमच्या भागापुरत्या तीन गोष्टी मुद्दाम सांगतो.

पहिली पाण्याची. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यामुळे त्याला तहान कमी लागते आणि लघवी फार दाट होते. उंदीर खाणाऱ्या मांजराला पाणी अन्नातूनच मिळे. कोरड्या दाणेदार खाद्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि ती तूट मांजर पिऊन पूर्ण भरून काढतेच असे नाही. बोक्यांची लघवी अडकणे ही तर तातडीची गोष्ट आहे. वारंवार मातीत बसतो, ओरडतो, थेंब येत नाही, असे दिसले की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा विकार नेहमीचा आहे. मनमाडकरांना पाण्याचे मोल सांगायला नको. वागदर्डी धरण आटले की नळाची वाट पंधरा-पंधरा दिवस पाहण्यात आमची आयुष्ये गेली. अशा गावात पिंपातले शिळे पाणी मांजराच्या वाटीत जाते आणि ती ते हुंगून सोडते. घरात दोन-तीन ठिकाणी रुंद भांड्यांत रोज ताजे पाणी, आणि खाण्यात ओला पदार्थ, एवढे उन्हाळ्यात तरी पाळावे.

दुसरी कांद्याची. लासलगाव, येवला, चांदवड, मनमाड हा कांद्याचा मुलूख. आमच्या स्वयंपाकघरात कांदा-लसणाशिवाय पातेले चढत नाही. मांजराच्या तांबड्या पेशींना कांदा आणि लसूण दोन्ही घातक आहेत, कच्चे, शिजवलेले, वाटणातले, पूड केलेले, सगळेच. पेशी फुटतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, मांजर धापा टाकते. मांसाहारी घरात प्रेमाने घातलेला रश्श्याचा भात म्हणूनच वाईट. कोंबडी द्यायचीच तर मीठ-मसाला-कांद्याआधी बाजूला काढलेली द्यावी. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ती उकडलेले पाणीही बरोबर द्यावे. बाजारातली सुकट-बोंबील मांजराला जिवापाड आवडते, पण ती खारट असते आणि रोजचे जेवण होऊ शकत नाही.

तिसरी विषाची. धान्याच्या गावात उंदराचे औषध घरोघर असते. ब्रोमाडिओलोनसारखी औषधे रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस मंद होऊन फिरतो, आणि असा उंदीर मांजराला सहज सापडतो. त्याच्यातले विष तिच्यातही उतरते. 'एक दिवस गेली ती आलीच नाही' या वाक्यामागे अशी किती मरणे असतील, याचा विचार मी अलीकडे करतो. माणसाची तापाची गोळीही याच सदरातली. पॅरासिटामॉल निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नाही. एक गोळी जीव घेऊ शकते.

वय कशावर ठरते

मांजर किती जगते, याचा चांगला हिशेब लागतो तो जिथे दवाखान्यात नोंदी राहतात तिथे. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजरांच्या आयुष्याचा मध्य १४ वर्षे निघाला. साध्या, मिश्र कुळाच्या मांजरांचा १४, शुद्ध जातीच्या मांजरांचा साडेबारा. हौसेने पर्शियन आणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. आमच्या गल्लीतली मनी कुळाने कमी नाही. पाच वर्षांच्या आत मेलेल्या मांजरांत जवळजवळ निम्मी, ४७ टक्के, अपघातासारख्या इजेने मेली. वयाने मोठ्या मांजरांत मूत्रपिंडाचे विकार पुढे येतात. नसबंदी झालेली आणि वजन आटोक्यात असलेली मांजरे जास्त जगली.

या आकड्यांतून मला क्रम दिसतो. आधी तरुणपणीचे मरण टाळायचे : लसी, नसबंदी, रस्ता आणि विष यांपासून बचाव. मांजरी वर्षाला दोन-तीनदा विते, प्रत्येक वेताला सुमारे नऊ आठवडे गर्भार असते. नसबंदी नसेल तर दूध-भातावरच्या त्या शरीराचे काय होत असेल ते सांगायला नको. मग मध्यम वयात वजन सांभाळायचे. दाराआडच्या मांजरीला शिकार नाही, उडी नाही, वाटी मात्र सतत भरलेली असते. आणि उतारवयात मूत्रपिंड आणि दात तपासून घ्यायचे. आहार या तिन्ही टप्प्यांना धरून आहे, पण एकटा आहार काही करत नाही. टेक्सासमधली 'क्रीम पफ' नावाची मांजर १९६७ ते २००५ अशी ३८ वर्षे ३ दिवस जगली. जगातले सर्वाधिक वय तिच्याच नावावर आहे. तिच्या ताटात अंडे आणि खारवलेले टर्कीचे मांसही असे. अशा एका उदाहरणावरून ताट ठरवणे म्हणजे रोज विडी ओढून शंभरी गाठलेल्या आजोबांचा दाखला देण्यासारखे आहे.

काळजीच्या संस्था आपल्याकडे होत्या, पण त्यांचे तोंड दुसरीकडे होते. मुंबईत प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी संस्था १८७४ मध्ये निघाली. परळला सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्या काळाला बैल, घोडा, गाय यांची गरज होती आणि शिक्षण त्यांच्याभोवती रचले गेले. तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर आजही मुख्यतः जनावरांचा डॉक्टर असतो. त्यात त्याचा दोष नाही. मांजर हे औषधोपचार करण्याजोगे जनावर आहे, हे समाजानेच उशिरा मानले.

राहिला शाकाहारी घराचा पेच. हा पेच मला थट्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही, कारण मी त्याच घरातला आहे. माझ्या स्वयंपाकघरात मांस शिजत नाही आणि शिजू नये असे मला वाटते. पण दार बंद करून मनीला तिच्या शिकारीपासून तोडले ते आपण. आजीच्या 'तिचं तिला' या शब्दांत तिच्या निसर्गाविषयी जो आदर होता, तो आता कृतीने पाळावा लागतो. मांजराचे म्हणून बनवलेले संपूर्ण खाद्य पाकिटातून वेगळ्या भांड्यात काढता येते, गॅलरीत वाढता येते, ओले आणि कोरडे दोन्ही आलटून पालटून देता येते. तेही ज्याला जमत नसेल त्याने मांजर पाळू नये, ससा पाळावा. मांजराला शाकाहारी करणे म्हणजे महाबलिपुरमच्या त्या शिल्पातल्या ढोंग्याची भूमिका तिच्यावर लादणे आहे. फरक इतकाच की शिल्पातल्या मांजराचे पोट उंदरांवर भरत होते.

ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना मी आता असे सांगतो. दूध-भात बंद करायलाच हवा असे नाही. सोसत असेल तर चमचाभर सायीचा लाड चालेल. पण जेवण म्हणून जे वाढाल ते उंदराच्या तोलाचे असू द्या. आणि घरातल्या कॅलेंडरवर मनी आली ती तारीख लिहून ठेवा, दर वर्षी लसीच्या दिवशी वजन लिहा. आपल्या गावांतल्या मांजरी किती जगतात याचा तक्ता कुठल्याही कचेरीत नाही. तो घराघरांतल्या अशा नोंदींतूनच तयार व्हायचा आहे.